पुरात भिजलेल्या कॅसेटी आणि पुण्यातले टेपवाले

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधी सांगते. जुन्या ऑडिओ कॅसेटी डिजिटल करून घ्यायच्या असतील आणि त्यांत घरातल्या माणसांचे आवाज असतील, तर या गृहस्थांकडे द्या. गाण्यांच्या असतील तर देऊ नका. ती गाणी कुठेही मिळतात आणि हे गृहस्थ त्या घेतही नाहीत. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा का कापला ते पुढे येईल.

नाव-पत्ता इथे देत नाही. हिशेब आणि फोन त्यांची सून सांभाळते. "लिहा हवं तर, पण नाव नको, आधीच काम तुंबलंय," असं तिनेच सांगितलं. सदाशिव पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही. दुकान म्हणजे घराची आतली खोली. तिथे हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र सतत घुरघुरत असतं, एका भिंतीला दोन कॅसेट डेक आणि एक स्पूलचं मशीन, आणि टेबलावर घड्याळजीकडे असतात तसले बारीक स्क्रू-ड्रायव्हर. आकाशवाणीतून निवृत्त झालेला माणूस आहे. बोलतात भरपूर, पण कॅसेट चालू असताना खोलीत कुणी खोकलेलंही त्यांना चालत नाही.

माझ्याकडे सात कॅसेटी होत्या. टीडीकेच्या, साठ मिनिटांच्या, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. कोकणातल्या ज्या घरांतला माणूस ऐंशीच्या दशकात आखाताकडे गेला, तिथे हे वेगळं सांगायला नको. पत्र लिहिण्यापेक्षा कॅसेट भरून पाठवायची. गावचा कुणी सुटीवर निघाला की त्याच्या बॅगेत निडोचा डबा, टँग, टायगर बाम, शर्टपीस आणि कॅसेट. इकडे अख्खं घर टू-इन-वनभोवती, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या मशीनभोवती, बसून ती ऐकायचं, शेजारचे दारात उभे राहायचे, आणि मग उलट्या बाजूला घरच्यांचं उत्तर भरून तीच कॅसेट परत जायची. माझे बाबा 1981 साली पाइप फिटर म्हणून सौदीला जुबैलला गेले. मी त्यानंतरच्या वर्षी जन्मले. 1985 मध्ये ते गेले. मी तीन वर्षांची. घरात सांगितलं गेलं ते एवढंच, की साइटवर अपघात झाला, तिकडेच सगळं उरकलं.

"उरकलं" म्हणजे काय, हे लहानपणी विचारायचं सुचलं नाही. मोठेपणी ऑफिसात दम्मामला राहून आलेला एकजण भेटला आणि बोलता बोलता म्हणाला, की सौदीत दहन होत नाही, एकतर तिथे पुरतात नाहीतर पेटी घरी येते. आमच्याकडे पेटी आली नव्हती. पुरल्याचं कधी कुणी बोललं नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "आप्पांना ठाऊक, त्यांनीच बघितलं सगळं." आप्पाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांना विचारलं की ते लगेच आंब्याच्या फवारणीवर यायचे.

कॅसेटी हाती लागल्या त्या पुरामुळे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा आमच्या घरात पाणी माळ्याला टेकलं होतं. 2005 च्या पुरात काकांची पत्र्याची ट्रंक वाचली होती, या वेळी नाही वाचली. चिखल उपसताना मी ती उघडली. फेरफाराचे कागद, पासबुकं, एक पासपोर्ट, सगळ्याचा लगदा, आणि तळाशी कॅसेटी. काका दारातून म्हणाले, "फेकून दे गं, काय उरलंय त्यात." मी फेकल्या नाहीत. त्यात माझं शहाणपण काही नव्हतं; त्या दिवसांत इतकं काही फेकत होतो की एखादी वस्तू हातात राहिली तर बरं वाटायचं.

इथून सेवेचं मूल्यमापन सुरू होतं, कारण पहिला सल्ला त्यांनी फोनवरच दिला आणि तो फुकट होता. भिजलेली कॅसेट उन्हात ठेवायची नाही, पंख्याखाली धरायची नाही, आणि चालते का बघायला टेपरेकॉर्डरमध्ये तर मुळीच घालायची नाही. गाळ फितीवर वाळला की तो निघताना चुंबकीय थर घेऊन निघतो. ओली असेल तर ओलीच ठेवायची, डिस्टिल्ड वॉटरमध्ये, आणि लवकर आणून द्यायची. चिपळुणात तेव्हा प्यायचं पाणी टँकरने येत होतं. बॅटरीत घालायचं पाणी कराडहून मावसभावाने आणलं आणि सहा कॅसेटी आईस्क्रीमच्या डब्यात तरंगत पुण्याला गेल्या. ट्रंकेच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत असल्यामुळे सातवी जवळजवळ कोरडी होती. ती चुलतभावाने, म्हणजे आप्पाकाकांच्या मुलाने, परस्पर एका झगमगीत स्टुडिओत दिली. नाव त्याचंही देत नाही. ही सातवी कॅसेट मुद्दाम लक्षात ठेवा.

सहा कॅसेटींवर त्यांनी काय केलं ते मी समोर बसून पाहिलं. ज्या कवचांना पाच स्क्रू होते ती उघडली, जी चिकटवलेली होती ती पात्याने फोडली. फीत नव्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढली, हाताने, अगदी सावकाश. मग वाळवून नव्या कवचात बसवली. कॅसेटच्या मधोमध फितीला मागून दाबून धरणारा फेल्टचा चिमुकला तुकडा असतो, तो जुन्या कॅसेटींत निखळून पडतो आणि आवाज येतो-जातो. आपण म्हणतो कॅसेट खराब झाली. तो नवा बसवला की बहुतेक वेळा आवाज परत येतो. दर माझ्या वेळी असे होते: साध्या कॅसेटीला 600 रुपये, पुरातल्या किंवा बुरशीच्या कॅसेटीला 1,800. महाग वाटेल. मी तो सगळा खटाटोप पाहिला असल्यामुळे मला वाटला नाही.

त्यानंतरचं काम जास्त महत्त्वाचं, आणि ऑनलाइन मिळणारी हजार-दीड हजाराची यूएसबीवाली खेळणी ते करू शकत नाहीत. ज्या मशीनवर कॅसेट भरली त्याचं हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज भरणारा आणि वाचणारा भाग, जरा तिरकं असेल, तर ती दुसऱ्या मशीनवर बोदी वाजते, जणू माणूस गोधडीतून बोलतोय. हे गृहस्थ प्रत्येक कॅसेटीसाठी आपल्या डेकचं हेड स्क्रूने त्याच कोनात तिरकं करून घेतात. कानाने. मान वाकडी करून, डोळे मिटून, अर्ध्या आट्याच्याही आत. एका क्षणी "स" आणि "च" टोकदार होतात आणि आपल्याला कळतं की आत्तापर्यंत आपण काय ऐकत होतो.

मग वेग. टू-इन-वनच्या मोटरी सगळ्या सारख्या फिरत नाहीत. भरताना मोटर मंद असेल तर वाजवताना आवाज चढा येतो. आता खरा वेग ठरवायचा कशावरून? इथे त्यांची युक्ती आहे आणि ती मला फार आवडली. मशीन विजेवर लावून भरलं असेल तर विजेचा गुणगुणाट बारीकसा फितीवर उतरतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकाव्यांची. सौदीत 60 ची. कॉम्प्युटरवर त्या गुणगुणाटाची रेघ दिसते. त्यांच्या स्वतःच्या डेकची रेघ 50 वर ताठ असते, आणि फितीवरची तिच्यापासून वेगळी, किंचित हलणारी. बाबांच्या कॅसेटींवर ती 63 च्या जवळ होती. ती जिथे असायला हवी त्या 60 वर आणून ठेवली की वेग बरोबर. म्हणजे बाबांचा टू-इन-वन शेकडा पाचने मंद होता आणि आम्हाला मिळालेला आवाज तेवढा चढा.

दुरुस्त न केलेली फाइल मी आधी फोनवर आईला ऐकवली होती. ती म्हणाली, "हे त्यांच्यासारखं वाटतं, पण त्यांचा नव्हे." दुरुस्त केलेली ऐकवली तेव्हा ती काही म्हणाली नाही, फक्त स्टूल ओढून बसली. मला तुलना करायला आवाज आठवतच नव्हता, त्यामुळे तिची साक्ष मी प्रमाण मानते.

या सहा कॅसेटींत रहस्य काही नाही. समुद्र आहे पण वाळूचाच, झाड नाही. डाळ मिळते, नारळ मिळतो, खोबऱ्याला चव नाही. मोठ्या आत्याच्या लग्नाला किती पाठवायचे. धाकटीच्या शाळेचं काय. आजीच्या डोळ्यांना काय घालायचं. एका कॅसेटीच्या उलट्या बाजूला चोविशीतली माझी आई लाजून चुलीवरच्या भाताबद्दल बोलतेय आणि मागे मी रडतेय. दोन-तीन ठिकाणी बाबांचा शब्द उमटायच्या दीड-दोन सेकंद आधी तोच शब्द अगदी पुसट ऐकू येतो. गुंडाळलेल्या फितीचे वेढे इतकी वर्षं एकमेकांना चिकटून राहिले की एकाचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उतरतं. टेपवाले म्हणाले, काढू शकतो. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "शहाण्या आहात." ते ग्राहकाचं कौतुक फार करत नाहीत, म्हणून नोंदवते.

आता ती सातवी. स्टुडिओवाल्यांनी ती छान पेन ड्राइव्हवर, वर बाबांचा फोटो छापून दिली होती. गणपतीत सगळ्यांनी एकत्र ऐकली. आठेक मिनिटांची. स्वच्छ, खुसखुस नाही, घरघर नाही, कुठे थांबा नाही. बाबा म्हणतात इथे उकाडा फार आहे, कंपनीचं काम जोरात आहे, सुटी या वर्षी जमेलसं वाटत नाही, काळजी करू नका. आत्या रडल्या. आप्पाकाका मांडीवर हात ठेवून बसले होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "झालं ना? आरतीला उठा."

मला ते रेकॉर्डिंग चमत्कारिक वाटलं ते एवढ्यासाठीच, की बाकीच्या कॅसेटींत बाबा असे धडाधड बोलत नाहीत. ते रेंगाळतात, विषय सोडतात, पुन्हा धरतात. म्हणून भावाकडून मूळ कॅसेट मागून घेतली आणि पुण्याला दिली. काय शंका आहे वगैरे काही सांगितलं नाही.

आणि हा माझा अर्धा गुण. त्यांनी मला दुपारी ऑफिसात फोन केला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, "तुमची सातवी कॅसेट सौदीत भरलेली नाही." मी मीटिंगमध्ये होते. चार लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. अशी गोष्ट सांगण्याआधी "वेळ आहे का" एवढं विचारायला हवं होतं. त्यांच्या दृष्टीने ती तांत्रिक बाब होती. नंतर मी हे त्यांना बोललेही. त्यांना पटलं असं वाटलं नाही.

त्यांचं म्हणणं असं: फितीवर गुणगुणाटाची रेघ साडेबावन्नच्या आसपास आहे. ती 60 वर न्यायला गेलं तर बाबांचा आवाज लहान पोरासारखा होतो. 50 वर नेली तर इतर सहा कॅसेटींतल्या आवाजाशी तंतोतंत जुळतो, आणि मंदपणाही तोच, शेकडा पाच. हेडचा तिरकेपणाही तोच. "मशीन तेच, वीज वेगळी," असं ते म्हणाले. मी विचारलं, मग भारतातली? ते लगेच सावध झाले. 50 म्हणजे सौदीची नव्हे एवढंच म्हणता येतं, दुबईला 50, कुवेतला 50, बहरीनला 50. त्यापुढचं मला विचारू नका. हा सावधपणा मला त्यांच्या सगळ्या यंत्रांपेक्षा मोलाचा वाटतो. दुसरा कुणी असता तर त्याने मला तिथल्या तिथे गोष्ट रचून दिली असती.

मग त्यांनी कच्ची फाइल ऐकवली. तीच कॅसेट, पण जवळजवळ चौदा मिनिटांची. स्टुडिओने साफ केलेली ती सहा मिनिटं मी पहिल्यांदाच ऐकत होते. टू-इन-वनचं पॉजचं बटण दाबलं-सोडलं की टेपवर एक टक् आणि एक छोटासा उतरता आवाज राहतो, मोटर वेग घेते तेव्हाचा. तो दर दोन-तीन वाक्यांनी आहे. इतर सहा कॅसेटींत तो जवळपास नाहीच. दोन टक्-टक्च्या मध्ये बाबा घाईने बोलतात, वाक्य संपवतात, बटण दाबतात. एके ठिकाणी बटणाला उशीर झालाय. तिथे खोकला आहे. नुसता घसा साफ करण्याचा नव्हे. कोरडा, मग ओला, मग मध्येच कापलेला.

बोलणं संपल्यावर मशीन बंद करायचं राहिलंय. बराच वेळ काहीच नाही, भांड्यांचा आवाज, लांब कुणाची हाक. मग एक तरुण आवाज म्हणतो, "दादा, बंद करतो, सिस्टर आली." आणि बाबा म्हणतात, "थांब, आयेच्या डोळ्यांच्या औषधाचं राहिलं." टक्.

तो तरुण आवाज मी रोज फोनवर ऐकते. फक्त आता तो साठीच्या पुढचा झालाय आणि आंब्याच्या फवारणीबद्दल बोलतो. आप्पाकाका आयुष्यात कधी परदेशी गेले नाहीत. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही. ट्रंकेतला तो लगदा बाबांच्या पासपोर्टचा होता.

काकांना मी फाइल ऐकवली ती शेवटची वीस सेकंदं. आधी ते म्हणाले, मला ऐकू येत नाही नीट. मग म्हणाले, पुन्हा लाव. मग सांगितलं, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबले नाहीत. तिथल्या परवान्याच्या नूतनीकरणाची वैद्यकीय तपासणी, छातीचा एक्सरे, डाग, परतीचं तिकीट. बाबा मुंबईत उतरले ते घरी आलेच नाहीत. थेट शिवडीला, टीबीच्या हॉस्पिटलात. मोठ्या आत्याचं ठरलेलं होतं, धाकटीचं पुढे व्हायचं होतं, काकांचं स्वतःचंही. त्या वेळी घरात क्षय आहे म्हटलं की सोयरीक मोडायची, पाणी प्यायला माणूस कचरायचा. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि वर्ष-दीड वर्ष गोळ्या, असा तो उपचार. सगळ्यांचा हिशेब असा होता की दीड वर्षात बरे होतील, मग सौदीहून आले म्हणून गावात येतील. ती कॅसेट आजीसाठी भरली होती. आजीला संशय येऊ लागला होता. टू-इन-वन खाटेवर, काका बटणावर.

"आणि अपघात?" मी विचारलं.

"तो त्यानेच सांगून ठेवला होता," काका म्हणाले. "बरा नाही झालो तर असं सांग म्हणाला."

आईला हे सगळं ठाऊक होतं. ती लालबागला तिच्या मामांच्या खोलीवर राहून डबा न्यायची, मला गावी आजीजवळ ठेवून. एवढी वर्षं का नाही सांगितलंस, विचारलं तर ती म्हणाली, "तुझं लग्न झाल्यावर सांगणार होते. मग तुला पोरं झाली. मग कशाला." वर म्हणाली, "तुला तेव्हा दोनदा तपासून घेतलं होतं मी, काही नव्हतं." मी चिडले, अजूनही चिडते, पण दोनदा तपासून घेतलं हे ऐकल्यावर पुढे काय बोलायचं ते सुचलं नाही.

कॅसेटींच्या परीक्षणात हे किती लिहायचं असा प्रश्न मला पडला. पण स्टुडिओतली फाइल आणि ही फाइल यांतला फरक याशिवाय समजावता येत नाही. स्टुडिओवाल्यांनी फसवणूक केलेली नाही. गुणगुणाट काढणं, दोन वाक्यांमधला भाग बंद करणं, शेवटची शांतता छाटणं हे सगळं त्यांच्या जाहिरातीत ठळक छापलेलं आहे आणि लोक त्याचेच पैसे देतात. हल्ली तर एआयने आवाज "स्टुडिओसारखा" करून देतात. करून घ्या की. पण आधी कच्ची प्रत घ्या. फीत जशी वाजली तशी, पहिल्या खरखरीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत, डब्ल्यूएव्ही फाइल, 96 किलोहर्ट्झ, 24 बिट. हे गृहस्थ मागितलं नाही तरी तीच देतात, आणि ऐकायला सोपी म्हणून सोबत एमपी3. साफसफाई सांगितली तर करतात, तोंड वाकडं करून.

माझ्यासारखं कुणाला पुढे जायचं असेल तर थोडं सांगते, कारण हे शोधताना माझा वेळ गेला. काकांकडून तारीख आणि ठिकाण कळल्यावर मृत्यूचा दाखला महापालिकेच्या परळमधल्या एफ दक्षिण विभाग कार्यालयातून निघाला. सरळ काम आहे, त्यात कुणी अडवलं नाही. दाखल्यावर मृत्यूचं ठिकाण असतं, त्यामुळे जुबैलची गोष्ट एका ओळीत संपते. पण कारण नसतं. ते लिहायचं राहून गेलेलं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, 1969 च्या 17 व्या कलमातच आहे, की मृत्यूच्या नोंदीचा उतारा कुणालाही दिला तरी त्यात कारण उघड करायचं नाही. नोंदवहीत ते असतं, उताऱ्यात येत नाही. हे वाचून मला आधी राग आला, मग विचार आला की 1985 साली हाच नियम आमच्या घराच्या किती उपयोगी पडला असेल.

माहिती अधिकाराचा अर्ज मी केला आहे. महाराष्ट्रात तो दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(3) मात्र अर्जात जरूर लिहा: वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, ठरावीक दोन-तीन अपवाद सोडले तर, "खासगी आहे" म्हणून नाकारता येत नाही. उत्तर यायचं आहे. मला त्यातून नवं काही कळायचं नाही, पण तो कागद मला हवा आहे. का, ते धाकट्या आत्याने विचारलं. तिला अजून आम्ही सगळं सांगितलेलं नाही. मोठीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि ते खरं की नंतर सुचलेलं, देव जाणे.

परत टेपवाल्यांकडे. तक्रारी आणखी आहेत. तारीख सांगतात ती पाळत नाहीत. महिन्याचे तीन होतात. व्हॉट्सॲपवर काही पाठवत नाहीत, फाइल न्यायला स्वतः हार्ड डिस्क घेऊन जावं लागतं. कुरिअरने कॅसेट घेत नाहीत. फाइलींना नावं देतात ती त्यांना एकट्यांनाच कळतात, घरी आल्यावर मी सगळ्या पुन्हा नावं देऊन लावल्या. आणि चहाला नाही म्हटलेलं चालत नाही. पण कॅसेटी परत देताना त्यांनी प्रत्येकीची चिमटी मोडून दिली, म्हणजे वरची प्लॅस्टिकची दोन नखं, जेणेकरून कुणी चुकून त्यावर पुन्हा काही भरू नये. एवढं कुणी सांगितल्याशिवाय करत नाही. टू-इन-वन पण घेऊन या, असं म्हणालेत. त्यांना त्याचं हेड बघायचंय. नॅशनल पॅनासोनिकचा आहे, पुरात बुडाला, काकांनी तो फेकून दिला असं मला वाटत होतं, तर तो पडवीत निघाला.

ज्यांना पत्ता हवा त्यांनी मला विचारा, सुनेला विचारून देईन. जून ते सप्टेंबर नेऊ नका. त्या दिवसांत हवेत ओल असते म्हणून ते कवच उघडत नाहीत. भिजलेल्या असतील तर मात्र कुठल्याही महिन्यात, त्याच दिवशी.